मडगार्डवरचे तीन ठोके

ते दार लोटून घ्या आधी, आणि मोबाईल ठेवा बघू बाजूला. मधेच कोणाचा वाजला तर मी सरळ उठून झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत. भुताची गोष्ट सांगा, भुताची गोष्ट सांगा म्हणून संध्याकाळपासून डोकं खाल्लंत माझं. तर सांगतो. पण मी स्वतः भूत बघितलेलं नाही, हे आधीच ऐकून ठेवा. जे झालं ते माझ्या शेडसमोरच्या गॅरेजवाल्याला झालं. त्यातला एक पुरावा तेवढा माझ्या हाताखालून गेला. आणि मी उभा जन्म गाड्यांचे पोचे काढण्यात घालवलाय, तेव्हा पत्र्याच्या बाबतीत मला कोणी उल्लू बनवू शकत नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. आभाळात चंद्र नव्हता. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला धाकट्याची मुलगी गॅरेजात गाडीची किल्ली द्यायला आली. काम एवढंच. गाडी मिसिंग मारतेय, सकाळच्या आत नीट करून हवी.

आता धाकटा कोण, ते सांगतो. समोरचं गॅरेज दोन भावांचं. एक थोरला, एक धाकटा. थोरला उंच, हाडकुळा, आणि राग सदा नाकावर. धाकटा बुटका, गोल, आणि राग त्याच्याही नाकावरच, फक्त नाक लहान. दिवसभर भांडायचे. पाना कुठे ठेवलास म्हणून भांडायचे, चहा गार झाला म्हणून भांडायचे. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून फुकटची करमणूक बघायचं आणि तेवढ्यात आत गाडी दुरुस्त झालेली असायची. गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं ओळखण्यात त्या दोघांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मिसिंग म्हणजे काय, ठाऊक आहे ना? जुन्या पेट्रोल गाडीला चार सिलिंडर. चारही पाळीपाळीने पेटले की इंजिन एका सुरात चालतं. त्यातला एक पेटायचा चुकायला लागला की इंजिन लंगडतं, गाडी झटके देते, चढावर मान टाकते. हे शोधायला माणसं लागतात दोन. एकाने आत सीटवर बसून रेस द्यायची, दुसऱ्याने बोनेटखाली डोकं घालून बघायचं. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून या भावांची ठोक्यांची भाषा होती. बोनेटवाल्याने मडगार्डवर पाना आपटायचा. एक ठोका म्हणजे रेस वाढव. दोन म्हणजे कमी कर. तीन म्हणजे बंद कर.

ही भाषा उगाच नाही आली. तरुणपणी एकदा धाकटा बोनेटखाली होता आणि थोरला सीटवर. थोरल्याला धीर कुठला? समोरून हाक यायच्या आधीच त्याने किल्ली फिरवली. इंजिनाच्या पंख्याने धाकट्याच्या उजव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं बोट मुळापासून नेलं. त्या दिवशी थोरल्याने कायदा केला. यापुढे बोनेटखाली मी, सीटवर तू. ठोके मी देणार, तू ऐकायचे. धाकटा पुढे कित्येक वर्षं कुरकुरायचा, "दादा, मलाही कधी उभं राहू दे की पुढे. मला काय ठोके देता येत नाहीत?" थोरला म्हणायचा, "नऊ उरलीत, तेवढी सांभाळ."

भांडण पेटलं ते धाकट्याच्या स्वतःच्या गाडीवरून. जुनी, चौकोनी तोंडाची गाडी. तीही मिसिंग मारायला लागली होती. थोरल्याने प्लगला करंट नेणाऱ्या चारही जाड वायरी बदलल्या, बोनेट आपटलं आणि म्हणाला, जा, झाली. दोन दिवसांनी धाकटा ती परत घेऊन आला. म्हणाला, "दादा, सपाटीवर ठीक आहे. चढावर अजून झटका देते."

झालं! थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात.

"मी घातलेल्या वायरी आहेत त्या. माझ्या कामावर शंका घेतोस?"

"शंका कुठे घेतोय? एकदा बघ म्हणतोय."

"बघायची गरज नाही. झटके गाडीत नाहीत, तुझ्या डोक्यात आहेत. चल, नीघ!"

मी रस्त्याच्या या बाजूला उभा राहून ऐकत होतो. मधे पडलो नाही, कारण त्यांच्यात रोजचंच होतं ते. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. आठवडाभर धाकटा गॅरेजकडे फिरकला नाही. आणि मग एका रात्री गावाबाहेरच्या चढावर, वळणाच्या अलीकडे, त्याची गाडी झटके देत बंद पडली. तो उतरला. बोनेट उघडून पुढे उभा राहिला. मागून ट्रक आला आणि कडेने घासत पुढे गेला. गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं मडगार्ड तेवढं फाटलं. गाडीला बाकी काही झालं नाही. धाकटा जागच्या जागी गेला.

थोरला रडला नाही, बरं का. तो चिडला. सगळी माणसं जमलेली, बायका रडतायत, आणि हा त्या झाकलेल्या देहासमोर उभा राहून ओरडतोय, "पुढे उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला? सांगितलं होतं की नाही?" चौघांनी धरून त्याला बाहेर नेलं. पुढे वर्षभर जो भेटेल त्याला तो एकच ऐकवायचा, माझ्या कामात काही नव्हतं, त्यानेच रस्त्यात काहीतरी खुडबुड केली असणार. मला तिडीक यायची ऐकून. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं व्हायचं, याला काय म्हणायचं?

गाडीला नवीन मडगार्ड मी बसवलं. रंगही मीच मारला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या गुरुवारी पोरगी आली. तिला चढापलीकडच्या शहरात दवाखान्यात नोकरी लागली होती. पहाटे आईला आणि सामानाला घेऊन निघायचं होतं, बापाच्याच गाडीने. वर्षभर झाकून ठेवलेली गाडी तिने बाहेर काढली, तर ती परत मिसिंग मारायला लागलेली. किल्ली तिने टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"बस," थोरला म्हणाला.

"बसायला नाही आले. दुसरा कोणी एवढ्या जुन्या गाडीला हात लावत नाही, म्हणून आले. पहाटे पाचला निघायचंय मला. तोच चढ चढून जायचंय, मोठे काका."

"मग दुसरी गाडी कर. ही विकून टाक."

"बाबांची गाडी आहे. ती मी विकणार नाही आणि इथे सोडणारही नाही."

"झटके कधी देते?"

"चढावर. बाबा सांगत होते तसेच."

"तुझा बाप काय सांगत होता ते मला नको सांगूस! त्याने त्या रात्री वायरी ओढल्या असणार, काहीतरी ढिलं केलं असणार..."

"म्हणजे बाबा स्वतःच्या चुकीने गेले, असंच ना?" पोरीचा आवाज चढला. "वर्षभर गावभर हेच सांगत फिरलात. आईच्या कानावर येत नाही का ते? आज नीट करून दाखवा. नाही जमली तर तसं सांगा, मी बांधलेलं सामान सोडते. पण जमली नसताना झाली म्हणून सांगू नका. एकदा सांगितलंत तेवढं पुरे झालं."

ती गेली. थोरल्याने ऑईलचा रिकामा डबा लाथेने उडवला. तो येऊन माझ्या शेडच्या दारात पडला. मी तो गुपचूप उचलून ठेवला. त्या वेळी त्याच्याशी बोलायला जाणं म्हणजे विंचवाला गोंजारणं.

मग तो कामाला लागला. चारही प्लग काढले. तीन कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला. म्हणजे तिसरा नीट पेटत नाही. प्लग नवीन टाकले. करंट वाटून देणारी टोपी उघडली, तडा गेलाय का बघितलं, पुसली. ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल बदलून पाहिली. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडून साफ केला. इंजिन सुरू केलं, तर सूर अगदी एकसारखा. खूश झाला. मागच्या चढाच्या गल्लीत गाडी नेली. अर्ध्यात गेला आणि झटका. परत झटका. शिव्या देत परत आला.

असं तीनदा झालं. मी शेडमध्येच झोपतो, मला सगळं ऐकू येत होतं. मधे त्याच्या बायकोचा फोन आला, जेवायला येताय की नाही. हा म्हणाला, "मेलो मी म्हणून समज." पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण फोन त्याने कानापासून हातभर लांब धरला होता.

आता तुम्ही मला सांगा. प्लग बदलले, कॉइल बदलली, टोपी बघितली. उरलं काय? वायरी! कालच्या शिकाऊ पोरानेही आधी वायरी बघितल्या असत्या. पण याने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. का? तर त्या याने घातलेल्या. स्वतःचं काम सोडून जगातलं सगळं तपासायचं, ही या धंद्यातली खोड आहे. माझ्यातही आहे. मी रंगवलेल्या दारावर डाग दिसला तर मी आधी गिऱ्हाइकाचा चष्मा तपासेन.

बारा वाजून गेले. पहाट काही थांबणार नव्हती. शेवटी नाइलाजाने तो वायरींकडे वळला, तेही मनात काय म्हणून? तर एकदा बघतो, म्हणजे वायरी चांगल्या आहेत हे तिच्या तोंडावर फेकता येईल. वायर कुठे फुटलीय हे उजेडात दिसत नाही. ते बघायचं अंधारात. सगळे दिवे घालवायचे, इंजिन चालू ठेवायचं आणि वायरींवर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचं. जिथून करंट गळत असेल तिथे निळी ठिणगी उडते.

त्याने दिवा घालवला. पण रस्त्यावरच्या खांबाचा झगझगीत उजेड आत येत होता. मग या शहाण्याने काय केलं? शटर खाली ओढलं. हातभर फट ठेवली, बस. आत इंजिन चालू. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराने माणूस झोपेतच जातो, हे त्याने हाताखालच्या प्रत्येक पोराला कान धरून शिकवलं होतं. पण रागाच्या भरात त्याला वाटलं, दोन मिनिटांचं तर काम.

अंधार मिट्ट. इंजिन संथ चाललेलं. त्याने पाणी मारलं. काही नाही. ठिणगी नाही, काही नाही. डाव्या हाताने त्याने वायरींचा समोरचा जुडगा कोरड्या फडक्याने बाजूला सारून धरला. आता रेस वाढवायला हवी होती, कारण इंजिनावर ताण आला की गळती दिसते. ती त्याला कार्बोरेटरपाशी हाताने वाढवता आली असती. पण हाताला जन्माची सवय. बाटली बगलेत धरली, पाना उचलला आणि मडगार्डवर हाणला. एक ठोका.

रेस वाढली.

"हां, धर तेवढीच," थोरला म्हणाला.

खाली वाकला. बघायला लागला. तिसऱ्या वायरीच्या मागे, खूप आत, काहीतरी निळं लुकलुकलं. टिक... टिक... टिक... तो आणखी वाकला. दोन ठोके दिले. रेस कमी झाली. निळं विझलं. एक ठोका दिला. रेस वाढली. निळं पेटलं.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

शटर बंद होतं. गॅरेजात तो एकटा होता...

तो हलला नाही. मान वर केली नाही. उघडलेलं बोनेट मधे होतं, त्यामुळे सीट दिसत नव्हती. दिसावी असं त्याला वाटतही नव्हतं. इंजिन तेवढ्याच रेसवर चाललेलं. कोणीतरी रेसच्या पेडलवर पाय अगदी स्थिर धरला होता. असा पाय धरता येणारा माणूस त्याने आयुष्यात एकच बघितला होता.

"कोण आहे?"

...

"कोण आहे आत? खाली उतर!"

इंजिन चालूच. टिक... टिक...

दुसरा कोणी असता तर पळाला असता. मी तर नक्कीच. पण थोरल्याला काय झालं सांगू? त्याला संताप आला. वर्षभराचा साठलेला. भीती बाजूला राहिली आणि हा बोनेटखालूनच ओरडायला लागला.

"आता आलास? आता आलास होय रे? पुढे उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं तुला! तीस वर्षं घसा कोरडा केला! ऐकलंस? पोरीला उघडी टाकून गेलास, ती माझ्यावर डोळे काढते! गाव माझ्याकडे बघून कुजबुजतं! मेलास तरी सुधारला नाहीस..."

इंजिन गर्जलं. ठोका दिलेला नव्हता. इतक्या वर्षांत सीटवरच्या माणसाने ठोक्याशिवाय रेस कधी दिली नव्हती. त्या रात्री दिली. सगळं गॅरेज थरथरलं. फळीवरचे पाने खणखणत खाली आले. मी झोपेत कूस बदलली, एवढं मला आठवतं. वाटलं, हा अजून झगडतोय गाडीशी.

"ओरडू नकोस माझ्यावर!" थोरला किंचाळला.

आणखी रेस.

"माझ्या कामात काही नव्हतं!"

आणखी.

आणि मग ती निळी ठिणगी लुकलुकेनाशी झाली. तिची रेघ झाली. सरळ, लख्ख निळी रेघ. तिच्या उजेडात त्याला सगळं दिसलं. तिसरी वायर धुराच्या गरम नळीवर पडलेली होती. वितळून तिला भोक पडलं होतं. तिथून करंट लोखंडात उतरत होता. वायरीला वर उचलून धरणारी एक छोटी क्लिप असते. ती तिथे नव्हती. तुटलेली नव्हती, काढलेली नव्हती... लावलेलीच नव्हती. जिथे ती बसते तिथे मळ जसाच्या तसा होता. वायरी बदलताना घाईत ती राहून गेली होती. त्याच्याच हातून.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" थोरला म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

बोलला होता तो. दादा, एकदा बघ, म्हणाला होता.

रेस खाली आली. इंजिन संथ झालं. लंगडत, चुकत.  थोरला मडगार्डला पाठ लावून खाली बसला. मनात आलं, आता बंद करावं. तीन ठोके द्यावेत. पाना हातात होता. हात उचलेना. पाना गळून पडला... डोकं जड. डोळे जड. छान झोप येत होती म्हणे. वर्षभरात पहिल्यांदा राग नव्हता. कशाचाच नव्हता. तो म्हणाला, मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं रे. धूर त्याच्या मांडीपर्यंत आला होता, छातीपर्यंत आला होता. त्याला कळत नव्हतं.

डोळे मिटले.

ठण.

...

ठण.

...

ठण.

पत्र्यावर. बाहेरून नाही. आतून. त्याच्या मानेच्या अगदी मागे, मडगार्डच्या पोटातून. प्रत्येक ठोक्याने त्याचं डोकं पुढे हिसकलं.

तीन म्हणजे बंद कर.

आयुष्यभर याने ठोके दिले आणि दुसऱ्याने ऐकले. त्या रात्री थोरल्याने ऐकले. चार पायांवर रांगत तो दारापर्यंत गेला, उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग कसाबसा शटरपाशी आला, फटीत दोन्ही हात घालून ते वर ढकललं आणि रस्त्यावर उपडा पडला. शटरच्या आवाजाने मी उठून धावलो. पाऊण वाजला होता. तो ओकत होता, आणि मधे मधे मला विचारत होता, "आत कोणी आहे का बघ." मी बॅटरी मारली. कोणी नव्हतं. मी त्याला जन्मात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या. शटर बंद करून इंजिन चालू ठेवतोस, गाढवा? मरायचंय का? तो काही उलटून बोलला नाही, आणि तेव्हाच मला खरी भीती वाटली.

चष्मेवाल्या, तुझ्या तोंडावर दिसतंय तुला काय म्हणायचंय ते. धूर डोक्यात गेला, भास झाला. बरोबर? दुसऱ्या दिवशी डॉक्टरही तेच म्हणाले. ऐकल्यावर मीही तेच म्हणालो. जुन्या गाडीची रेस आपोआपही चढते-उतरते. आणि अर्धवट शुद्धीत माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. कबूल. पुढचं ऐक.

दोन तास तो माझ्या शेडच्या पायरीवर बसून होता. मग उठला. शटर सताड उघडं ठेवून त्याने चारही वायरी नव्या टाकल्या, क्लिपा लावल्या, प्रत्येक दोनदा ओढून बघितली. गाडी चढाच्या गल्लीत नेली. झटका नाही. पाचला पोरगी आली, मागे तिची आई सामान घेऊन.

थोरल्याने ती जळकी वायर तिच्या हातात दिली.

"क्लिप मी लावली नव्हती," तो म्हणाला. "वायर नळीवर पडून जळली. तुझा बाप बरोबर सांगत होता. मी बघितलं नाही."

पोरगी वायरीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती त्याच घराण्यातली. तिने वायर त्याच्या अंगावर फेकली.

"वर्षभर!" एवढंच म्हणाली. "वर्षभर, मोठे काका!"

तो खाली मान घालून उभा राहिला.  तिची आई तोंड फिरवून सामान गाडीत भरायला लागली. शेवटी पोरगीच म्हणाली, "चालू करा. मला स्वतः बघायचंय." थोरला सवयीने बोनेटकडे निघाला, आणि थांबला. मागे फिरला. ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. गुडघे स्टिअरिंगला लागत होते.

"तू पुढे उभी राहा," तो म्हणाला. "पंख्यापासून लांब. ठोके तू दे."

तिला ठोके ठाऊक होते, लहानपणी तिने बघितलेले. तिने पाना घेतला आणि मडगार्डवर मारायला हात उचलला. तसाच राहिला हात.

"काका, हे काय झालंय इथे?" तिने मला विचारलं. रंग तुम्ही दिला होता ना, म्हणाली.

मी बॅटरी घेऊन वाकलो. मडगार्डवर तीन फुगवटे होते. एका ओळीत. पोचे नव्हेत, पोचा आत जातो. हे बाहेर आलेले होते. आतून मारलेले. मी ते मडगार्ड बसवलं तेव्हा त्यावर केसाएवढा ओरखडा नव्हता. आतून मारायचं तर ते आधी काढावं लागतं, कारण आतल्या पत्र्यात आणि त्यात हात जाईल एवढी जागाच नाही. मी बोल्ट बघितले. बोल्टांच्या डोक्यावर माझा रंग होता तसा होता. एकही फिरवलेला नव्हता. आणि फुगवट्यांवर रंगाला एक तडा नव्हता. पत्रा असा फुगला तर रंग उडतो. उडतोच. मी पैज लावायला तयार आहे.

"ठोकून सपाट करू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस," थोरला सीटवरून म्हणाला.

मग पोरीने एक ठोका दिला, याने रेस वाढवली, आणि इंजिन एका सुरात चाललं. ती गाडी अजून त्या चढावरून जाते-येते. मडगार्ड तेच आहे. आली की मी ते बघतो. दर वेळी बघतो.

कारण त्या पहाटे बॅटरी तिरकी धरली तेव्हा मला आणखी एक दिसलं होतं, आणि ते मी त्यांच्यासमोर बोललो नाही. प्रत्येक फुगवट्यात बारके उंचवटे होते. दार वाजवताना आपण बोटं दुमडतो ना, त्या सांध्यांचे. मी माझी बोटं दुमडून शेजारी धरली. एक, दोन, आणि करंगळीचा. करंगळीच्या शेजारी पत्रा सपाट होता.